काचेखालचा गाल

आजारातून उठलेल्या बायका लिहायला बसल्या की शेवटी देवाचे, डॉक्टरांचे आणि घरच्या माणसांचे आभार मानतात. मी डॉक्टरांचे मानीन. बाकीच्यांचं वाचता वाचता तुम्हीच ठरवा.

हे लिहायला मला आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलीनं लावलं. तिच्या मानेवर चट्टा उठलाय आणि घरच्यांनी तिचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला अडकवलाय. ती मला विचारायला आली, "काकू, तुमचं नक्की काय झालं होतं?" मी तोंडी सांगायला लागले, पण अर्ध्यातच मला इतका राग आला की ती बिचारी चहा टाकून उठली. राग लिहून काढला तर जरा आवरतो, असा माझा अनुभव आहे.

चट्टा

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. हे खिदिरपूरच्या गोदीत कस्टमकडे नोकरीला होते आणि आम्ही जवळच दोन खोल्यांत राहत होतो. हे, मी, सासूबाई आणि आमची मंजू. मंजू तेव्हा तीन वर्षांची. माझा जन्म कलकत्त्याचाच, वडील इथं शाळामास्तर. सासर मात्र बेळगावकडचं. त्यांच्याकडे रीत अशी की आंघोळ झाली की सवाष्णीनं कपाळाला कुंकू आणि दोन्ही गालांना हळद लावायची. माझ्या माहेरी हळद कपाळापुरती. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी आपल्या हातानं माझ्या गालांना हळद चोळली तेव्हा मला ते फार आवडलं होतं. माझी आई लहानपणीच गेलेली. गालावरून असा हात फिरवणारं मला कुणी नव्हतंच.

मग सासरे वारले. त्या दिवसापासून सासूबाईंनी हळदीच्या डबीला हात लावला नाही. सकाळी डबी माझ्याकडे पायानं सरकवल्यासारखी हातानं सरकवायच्या आणि मी लावते की नाही ते बघत बसायच्या. त्यांची हळद गेली होती, म्हणून माझ्या हळदीवर पहारा.

डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर, एक लालसर पुळी आली. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता. हळद जरा जास्त लाव." मी लावली. पुळी बसली नाही, पसरली. वर्षभरात तिचा रुपयाएवढा चट्टा झाला, कडेनं तांबूस, मध्ये सुरकुतलेला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं. दुखणाऱ्याची लोकांना कीव येते, न दुखणाऱ्याची भीती वाटते.

शेवटी ह्यांनी मला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं टेबलापलीकडून पाहिलं. हात टेबलाखाली. मला एकच प्रश्न विचारला, "माहेरी कुणाला महारोग होता का?" मग ह्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागला, जणू मला इंग्रजी येत नाही. मी मॅट्रिक झालेली आहे. "नक्की सांगता येत नाही, पण तूर्त मूल दूर ठेवलेलं बरं," असं तो म्हणाला. ह्यांनी मान हलवली, आणि रस्त्यात माझ्यापासून चार पावलं पुढं चालायला लागले.

त्याच संध्याकाळी बेहाल्याहून मोठ्या जाऊबाई आल्या. त्यांना दोन मुलगे, मुलीची भारी हौस. जिना चढल्या नाहीत, खालूनच हाक मारली. मी मंजूला नवा फ्रॉक घालायला लागले तर सासूबाई मध्ये आल्या.

"तू नको. मी घालते."

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि फ्रॉकची मागची बटणं कुठली कुठे लागतात ते लांबून सांगत राहिले. वरचं बटण सासूबाईंना काही लागेना. मंजूला वाटलं काकूकडे दोन दिवसांची मजा आहे. तिनं आपली लाकडी बाहुली बगलेत मारली आणि मला म्हणाली, "टा टा." ती गेल्यावर सासूबाईंनी तिची गादी उन्हात टाकली आणि मी बसले होते ती चटई धुवायला काढली.

वेगळं ताट

माझं ताट-वाटी वेगळं झालं. सासूबाईंनी ते रडत रडत वेगळं केलं. रडत रडत का होईना, केलं वेगळंच. ह्यांनी आपली गादी पुढच्या खोलीत नेली. म्हणाले, "आत उकडतं." कार्तिक महिना होता, मी शाल पांघरत होते.

मी ह्यांना एकदा स्पष्ट विचारलं, "अहो, तुम्हाला भीती वाटते का माझी?"

"भीती कसली? मंजूसाठी करायचं सगळं."

"मंजू बेहाल्याला आहे. इथं तुम्ही आणि मीच आहोत."

ह्यांनी वर्तमानपत्र उलगडलं. वाद नको असला की माझा नवरा जगाच्या बातम्या वाचतो.

रविवारी मी ट्रामनं बेहाल्याला जायची. खिदिरपूरहून एक ट्राम थेट तिथं जाते, बदलावी पण लागत नाही. जाऊबाई मला ओट्यावर बसवायच्या. मंजू वरच्या गच्चीतून कठड्याच्या गजांत तोंड घालून माझ्याशी बोलायची. पहिल्या-दुसऱ्या रविवारी "आई, वर ये" म्हणायची. नंतर म्हणेनाशी झाली. जाऊबाई चहा द्यायच्या, तोही चांगला, वेलदोडा घातलेला. फक्त तो मातीच्या कुल्हडात असायचा. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात पिऊन फोडून टाकतात तसले कुल्हड त्यांनी माझ्यासाठी विकत आणून ठेवले होते, आणि मी उठले की माझा कुल्हड गटारात फुटल्याचा आवाज मला फाटकापर्यंत यायचा.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, कप द्या की. मी धुऊन ठेवते."

"अगं, तुला त्रास कशाला?" त्या म्हणाल्या. माझ्या वाट्याला त्या काळात जेवढा अपमान आला तेवढा सगळा 'तुला त्रास कशाला' असाच आला.

भिंग

माझे वडील म्हातारे झाले होते, पण त्यांनी एक काम केलं. एका जुन्या विद्यार्थ्याकडून मोठ्या इस्पितळात कातडीच्या रोगांवर बसणाऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं. बागची डॉक्टर. वडील म्हणाले, "हा माणूस बघून बोलतो." त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. कारण न बघता बोलणारे इतके असतील असं मला वाटलं नव्हतं.

इस्पितळातला बाक म्हणजे एक गावच. फाळणीनंतर ओपारहून, म्हणजे पूर्व बंगालातून, आलेली किती तरी माणसं तिथं असायची. माझ्या शेजारी नेहमी एक बरिसालची म्हातारी बसायची, पायाला जखम. सगळे तिला मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या गालाकडे टक लावून बघितलं आणि बंगालीत म्हणाली, "तोंडावर झालंय, म्हणून लपवता येत नाही. माझं पायावर आहे, तरी सून मला अंगणात वाढते." मग आपल्या पानातलं अर्धं पान मोडून माझ्या हातात दिलं. मी ते तिथंच खाल्लं. घराबाहेरच्या कुणी आपल्या हातानं मला काही खायला देण्याची ती कित्येक महिन्यांतली पहिली वेळ.

बागची डॉक्टर साठीच्या घरातले, बुटके, धोतरावर कोट. त्यांनी मला "मा" म्हणून हाक मारली, इथले वडीलधारे डॉक्टर म्हणतात तशी. आधी कापसाची वात करून ती गालावर टेकवली आणि विचारलं, "कळतंय?" मी म्हटलं, कळतंय. मग कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर काहीतरी घेतलं. आणि मग टेबलाच्या खणातून ते यंत्र काढलं.

मुठीत मावेल असं. पितळेची मूठ, आत सेल, पुढे इवलासा दिवा, त्यावर जाड भिंग आणि तोंडाला सपाट काच. हातातल्या टॉर्चला भिंग जडवावं तसं. त्यांनी माझ्या गालावर तेलाचा थेंब टाकला, खुर्ची पुढे ओढली, डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि ती काच चट्ट्यावर दाबून तिला डोळा लावला. काच गार होती. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. त्या माणसाला तंबाखूचा वास येत होता. इतक्या जवळ माझ्या तोंडाशी कुणीही आलं नव्हतं, मंजू गेल्यापासून नाही. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं दुखतंय.

"हलू नको, मा. काच दाबली की लाली जाते. खाली काय उरतं ते मला बघायचं असतं."

त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग बोटानं माझा गाल पुसून बोट उजेडात धरलं.

"होलुद मेखेछो?"

हळद लावतेस का? मी म्हटलं, रोज. आमच्यात लावतात.

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. "तर मग मला काय दिसणार? मी जो पिवळा रंग शोधतोय, तो तुझ्या रोगाचा की तुझ्या हळदीचा? चट्ट्याच्या खपलीत हळद मुरलीय. मला वाटतं हा महारोग नाही. वाटतं, म्हणून तुझ्या नवऱ्याला लिहून देणार नाही. तोंडाचा तुकडा कापून बघायचा नसेल तर हळद बंद कर. पौष संपताना ये."

बाहेर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "महारोग नाही, असं वाटतं म्हणाले."

"वाटतं?" हे म्हणाले. "वाटतंवर मुलीला कसं आणायचं?" डॉक्टरांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघाल्याशिवाय मंजू घरी यायची नव्हती, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. माझी मुलगी आणि मी यांच्यामध्ये आता फक्त माझ्या गालावरची हळद होती.

सवाष्ण

तुम्हाला वाटेल, हळद तर बंद करायची, त्यात काय? मग तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही.

"कुठला वैद्य सवाष्णीला हळद सोडायला सांगतो?"

"आई, पंधरा-वीस दिवसांचाच प्रश्न आहे."

"मला विचार पंधरा-वीस दिवस काय असतात ते. माझी सक्तीनं सुटली. तू हौसेनं सोडतेस? माझ्या मुलाच्या जिवावर?"

हे तिथंच उभे होते. आपल्या जिवाचा विषय चालला आहे म्हटल्यावर त्यांनीही काही बोलावं अशी माझी अपेक्षा होती. शेवटी त्यांनी तोड काढली की कुंकू ठेवायचं, हळद डॉक्टर बघेपर्यंत नाही. सासूबाईंनी हळदीची डबी देवघरात नेऊन देवीच्या पायाशी ठेवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मी रोज साबणानं आणि डाळीच्या पिठानं गाल धुवायची, आरशात बघायची. पिवळेपणा हळूहळू उतरत होता. चट्टा उघडा पडला तसा जास्तच भेसूर दिसायला लागला, पण मला तो प्रथमच आवडला. म्हटलं, दिस बाबा, नीट दिस.

संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू भवानीपुरात एका मोठ्या घरी असायचं. ते नेमकं माझ्या इस्पितळाच्या आदल्या दिवशी आलं. मी म्हटलं, मी जात नाही. तेव्हा किती तरी दिवसांनी सासूबाई माझ्याशी बोलल्या. "गेली नाहीस तर उद्या सगळ्या मराठी घरांत होईल की खरंच आहे. मंजूच्या लग्नापर्यंत पुरेल ते." हे मात्र बरोबर होतं. मी गेले. त्याही आल्या. विधवा बायका आत स्वयंपाकघरात तिळगूळ भरायला बसायच्या, तिथं त्या बसल्या.

सतरंजीवर माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या राहिल्या. यजमानीण सरदेसाई वहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन एकेकीला लावत येत होत्या. बेळगावकडच्यांना गालांना, बाकीच्यांना कपाळाला, त्यांना सगळ्यांच्या रीती पाठ. माझ्यापुढे आल्या आणि करंडा खाली, माझ्यापुढे ठेवला.

"सुमतीताई, तुम्ही आपल्या हातानंच लावून घ्या हं. उगाच तुम्हाला त्रास नको."

दुसऱ्याच्या घरी गेलेल्या सवाष्णीनं आपल्या हातानं हळदीकुंकू लावून घ्यायचं! हे ज्यांना कळणार नाही त्यांना मी समजावू शकत नाही. एवढंच सांगते की खोलीतल्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी करंड्याकडे बघत बसले. उठून जावं तर उठवेना.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मागून कुणीतरी त्यांचा पदर ओढला, "अहो, तुम्ही कुठं निघालात?" त्या आल्या. नेसूचं लाल आलवण, डोक्यावरून पदर, हाताला तिळाचं तेल लागलेलं. सगळ्या सवाष्णींच्या मधून आल्या, माझ्यासमोर खाली बसल्या, आणि सासरे गेल्यापासून ज्या हातानं त्यांनी हळदीला स्पर्श केला नव्हता तो हात त्यांनी करंड्यातल्या हळदीत घातला.

"माझी सून सवाष्ण आहे," त्या म्हणाल्या. "तिला हळद कशी लावतात ते बघून ठेवा."

आणि माझ्या दोन्ही गालांना त्यांनी हळद चोळली. उजव्या, आणि डाव्या. चट्ट्यावरून तीनतीनदा हात फिरवला, तळवा दाबून, लग्नानंतरच्या त्या सकाळी फिरवला होता तसा. मला हळदीचा, तिळाचा, त्यांच्या घामाचा वास आला. मी डोळे मिटून घेतले. मला उद्याच्या डॉक्टरची आठवण होती. पहिल्या बोटापासून होती. तोंड उघडून "आई, नको" म्हणायला एक क्षण पुरला असता. मला तो हात हवा होता, म्हणून मी म्हटलं नाही. भुकेल्या माणसाला कुणी विचारतं का, की ताट का ढकललं नाहीस?

घरी येऊन मी दूध लावलं, तेल लावलं, पीठ लावलं, घासून घासून गाल सोलवटला. खपलीत मुरलेली हळद निघाली नाही. सकाळी बागची डॉक्टरांनी काच टेकवली आणि लगेच उचलली.

"मा, आबार होलुद!" पुन्हा हळद!

त्यांनी रागानं भिंगाचा दिवा विझवला. ते दुसऱ्याच दिवशी जिल्ह्यांच्या दौऱ्यावर निघत होते. म्हणाले, फाल्गुनात ये, आणि येताना तोंडाला पाण्याशिवाय काही लावू नकोस.

म्हणजे मंजू फाल्गुनापर्यंत बेहाल्याला. सासूबाईंना मी हे सांगितलं. देवघरातली डबी उचलून त्यांनी न्हाणीच्या मोरीत उपडी केली. पण ताट माझं वेगळंच राहिलं. भर सभेत मला हात लावणारी ती बाई घरात पुन्हा मला पाणी वरून वाढायची. त्या दोन्ही बायका एकच होत्या, हे मला अजूनही नीट पचलेलं नाही. त्या हातासाठी त्यांच्या पाया पडावं की त्याच हातासाठी भांडावं, हे मी पहिल्या दिवशी ठरवू शकले नाही आणि आजही ठरवलेलं नाही.

गूळ

फाल्गुनात गाल स्वच्छ होता. डॉक्टरांनी काच दाबली, डोळा लावला, आणि "आह!" म्हणाले. आपल्याला हवी ती वस्तू बाजारात दिसल्यावर माणूस म्हणतो तसं.

त्यांनी आपल्या हाताखालच्या दोन डॉक्टरांना बोलावलं. "बघा. लाली गेली, खाली ठिपके राहिले. विलायती पुस्तकात याला सफरचंदाच्या मुरंब्याचा रंग म्हणतात. आपल्यापैकी किती जणांनी तो मुरंबा खाल्लाय? मी म्हणतो नोलेन गूळ." थंडीत इथं खजुराच्या रसाचा जो पातळ, तपकिरी-पिवळा गूळ मिळतो, तो. माझ्या गालात गुळाचे थेंब होते तर. मग त्यांनी एक चिमटीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवलाच, पण रोगाचं निदान त्यांनी तिथंच सांगितलं. कातडीचा क्षय. महारोग नाही. ते ऐकायला हे आत आले होते. ह्यांनी तीनदा विचारलं, "महारोग नाही ना?" आणि तीनदा 'नाही' ऐकून बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेतले.

क्षय निघाला म्हणून पेढे वाटणारं कलकत्त्यातलं आमचं बहुधा एकमेव घर.

पेढे घेऊन आम्ही थेट बेहाल्याला गेलो. जाऊबाईंनी पेढा घेतला, तोंडाशी नेला, आणि विचारलं, "मग आहे तरी काय?" हे म्हणाले, "क्षय. कातडीचा." जाऊबाईंनी पेढा खाली ठेवला.

"अगंबाई! क्षय? मग तर मंजूला मुळीच न्यायची नाही."

मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांनी सांगितलंय, हा असा शिवल्यानं लागत नाही."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला? त्यांची आहे का पोरगी?" मग आवाज मऊ करून, "आणि ती रुळलीय गं इथं. पूर्ण बरी हो, मग बघू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. तिथं वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून हे पेढ्यांच्या पुड्याची दोरी गुंडाळत बसले. मी एकटीच गच्चीखाली जाऊन हाक मारली. मंजू आली, गजांतून बघितलं आणि बंगालीत विचारलं, "के?"

कोण आहे.

सुया

औषधोपचाराचं फारसं सांगत नाही. नव्याच निघालेल्या गोळ्या होत्या, आणि सुया. सुयांनी बसता येईना आणि कानात कायम शेगडीवरच्या किटलीसारखा आवाज. वर्षाहून अधिक काळ चाललं. मासीमा मध्येच कधीतरी यायची बंद झाली. तिच्या जागेवर दुसरी बाई बसायला लागली, तेव्हा मला कळलं. दर काही आठवड्यांनी डॉक्टर काच लावायचे आणि म्हणायचे, "गूळ कमी होतोय." मी ट्राममधून येताना तेच तोंडातल्या तोंडात घोळवायची. गूळ कमी होतोय. त्या वर्षभरात मला कुणी सांगितलेली चांगली गोष्ट तेवढीच.

शेवटी एके दिवशी त्यांनी काच दाबली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "संपला. आता फक्त वण. वण जाणार नाही, तो तुझा." मग म्हणाले, "मुलीला घेऊन ये एकदा. तुझ्या घरच्यांना मी समजावून सांगणार नाही, मला तेवढं आयुष्य नाही. मुलीला दाखवतो."

जाऊबाई या वेळी नाही म्हणू शकल्या नाहीत. डॉक्टरांनीच बोलावलं होतं. मंजूला घेऊन स्वतः इस्पितळात आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मंजू पाच वर्षांची झाली होती. बेहाल्यात राहून तिचं मराठी अडखळायला लागलं होतं. ती माझ्याजवळ आली, पण हात मागे बांधून. काचेच्या दुकानात नेताना मुलांना बांधायला लावतात तसे.

डॉक्टरांनी तिला स्टुलावर उभं केलं, तिच्या मुठीत ते पितळी यंत्र दिलं आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून काच माझ्या गालावर टेकवली. तिनं एक डोळा मिटला. तिच्या केसांना जाऊबाईंच्या घरचं खोबरेल होतं, माझ्या घरचं नाही. तिच्या तोंडाला लिमलेटच्या गोळीचा वास होता. दोन वर्षांत माझी मुलगी माझ्या इतक्या जवळ आली नव्हती. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

"की देखछो?" डॉक्टरांनी विचारलं. काय दिसतंय?

"किच्छु ना," मंजू म्हणाली. काही नाही. तिनं आणखी दाबून बघितलं. तिला गंमत वाटत होती. "किच्छु नेई, आई!"

डॉक्टरांनी तिच्या हातातून यंत्र काढून घेतलं. "आता हातानं बघ."

मंजूनं आधी माझ्याकडे बघितलं. मग दारातल्या जाऊबाईंकडे बघितलं. आणि दोन्ही हात पुन्हा मागे नेले.

राहिलेलं

ज्या मुलीसाठी हे लिहिते आहे तिला सांगायचं ते सांगून टाकते. जो न शिवता रोगाचं नाव घेईल त्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस. जाताना चट्ट्याला हळद, चंदन, पावडर, काही लावू नकोस. रोगाला लाज नसते, त्याला उघड्यावर दिसू दे. गोळ्या मध्येच सोडू नकोस. आणि तुझा टॉवेल आजच काढून घरच्यांच्या खिळ्याला लाव. त्यांनी पुन्हा हलवला तर पुन्हा लाव. मी ते केलं नाही. मला वाटलं होतं, बरी झाले की सगळं आपोआप जागेवर येईल.

ताट जागेवर आलं. ह्यांची गादी जागेवर आली, उन्हाळ्यात आली, तेव्हा आत उकडत नव्हतं म्हणे. मंजू घरी आली. ती चांगली मुलगी आहे, माझ्यावर तिची माया आहे, वर्गात नंबर काढते. रात्री माझ्याजवळ झोपते, नेहमी उजव्या बाजूला.

यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्या घरी होतं. मंजू नऊ-दहा वर्षांची झाली म्हणून सगळ्या म्हणाल्या, या वर्षी तिलाच लावू द्या. सासूबाई कोपऱ्यात माचोळीवर बसल्या होत्या. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही, पण करंड्याच्या आवाजावरून त्या हिशेब ठेवतात. मंजू रांगेनं आली. सरदेसाई वहिनींना लावलं, जाऊबाईंना दोन्ही गालांना लावलं, मग माझ्यापुढे बसली. कपाळाला कुंकू लावलं, अगदी मधोमध. उजव्या गालाला हळद लावली, हलक्या हातानं, नीट. मग हळदीचं बोट तसंच वर धरून थोडी थांबली, करंडा उचलला आणि पुढच्या बाईकडे सरकली.

तिनं ते मुद्दाम केलं नाही. तिला कळलंसुद्धा नाही, हे मी तिच्या चेहऱ्यावरून सांगते.

माचोळीवरून सासूबाई म्हणाल्या, "मंजे, आईचा एक गाल राहिला गं."

"राहू दे, आई," मी म्हटलं. "तिला सवय आहे."